कांदा, निर्यातबंदी आणि 'मुक्त बाजार' : नक्की कोण कुठल्या बाजूला?

गोदाकाठ

आईच्या पंचाहत्तरीला काढलेला आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे. पंचाहत्तरीमुळे दोन्हीकडची माणसं त्यात आहेत. धाकटे मामा कट्टर भाजप, थोरले काका जुने काँग्रेसवाले. बाकीचे आम्ही फुलांचे फोटो टाकतो आणि या दोघांची जुगलबंदी वाचतो.

परवा मला एक खोडी सुचली. ग्रुप मागे नेत नेत २०२० पर्यंत गेलो. तेव्हा तीन कृषी कायदे आले होते. मामांनी लिहिलं होतं, "शेतकऱ्याचा माल शेतकऱ्याचा. कुठे विकायचा, कोणाला विकायचा हे सरकारने सांगायची गरजच काय?" काका म्हणाले होते, "बाजार मोकाट सोडला की मोठे मासे लहानांना खाणार. सरकारचा हात हवाच." मग डिसेंबर २०२३ वर आलो. ८ तारखेला कांद्याची निर्यातबंदी झाली होती. काका : "जगात गिऱ्हाईक असताना दारात आडवं यायचा सरकारला काय अधिकार?" मामा : "ग्राहकाचंही बघावं लागतं. सरकारने हात घालायलाच हवा होता."

मी मामांचा २०२० चा मेसेज नाव न घालता ग्रुपवर टाकला. मामांचं उत्तर दोन मिनिटांत आलं : "हे कोणी लिहिलंय? शहरातले लोक असलं लिहितात." काकांनी मात्र ओळखलं असावं. ते दोन दिवस काही बोलले नाहीत.

हसण्यावारी नेलं, पण नंतर डोक्यातून जाईना. माझा भाऊ निफाड तालुक्यात चार एकर कांदा करतो. त्या ८ डिसेंबरनंतर दोन दिवसांत त्याच्या लाल कांद्याचा भाव क्विंटलमागे हजारापेक्षा जास्त उतरला. ट्रॅक्टर लिलावात उभा होता, परत आणायचं डिझेलही अंगावर पडलं असतं, म्हणून दिला. त्याला मामा आणि काका दोघेही फोन करून हळहळले.

तर प्रश्न असा. बाजार मोकळा असावा की सरकारने आवरावा, यावर आपल्याकडे कोणाचं खरोखर काही मत आहे का? की आपलं सरकार करतंय ते योग्य, एवढंच मत आहे?

कोथरूडची_कावेरी

तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण डिसेंबर २०१९ मध्ये मी शंभर रुपयांच्या वर किलोने कांदा घेतलाय. तेव्हा मला कोणाचा फोन आला नाही. :)

निर्यातबंदी चुकीची असेलही. पण भाव चढला की माझ्याकडे मोलकरीण म्हणून येणाऱ्या बाई कांदा सोडून देतात, मी सोडत नाही. तिच्या बाजूने कोण बोलतं?

सह्याद्री_७८

पुन्हा तेच रडगाणं. निर्यातबंदी म्हणजे जणू २०१४ नंतरच जन्माला आली. डिसेंबर २०१० मध्ये निर्यात कोणी थांबवली? सप्टेंबर २०११ मध्ये? २०१३ च्या नोव्हेंबरात किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्त बाहेर विकायचंच नाही) टनाला ११५० डॉलर करून ठेवलं होतं, म्हणजे बंदीच ना ती? कृषिमंत्री तेव्हा कुठले होते? कृषी कायद्यांनी शेतकऱ्याला पहिल्यांदा मोकळं केलं आणि ते तुम्ही लोकांनी हाणून पाडले.

रानवारा

'तुम्ही लोकांनी' म्हणजे पंजाबच्या शेतकऱ्यांनी. आणि मागे घेतले ते तुमच्याच पंतप्रधानांनी, १९ नोव्हेंबर २०२१ ला.

मोकळं केलं म्हणता, तर तारखा बघा. कृषी कायद्यांचे अध्यादेश ५ जून २०२०. निर्यातबंदी १४ सप्टेंबर २०२०. जीवनावश्यक वस्तू कायद्यातून कांदा सैल करणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं १५ सप्टेंबरला. म्हणजे सोमवारी दाराला कुलूप घातलं आणि मंगळवारी दार उघडल्याचा कायदा केला. ऑक्टोबरात तर त्याच नव्या कायद्याखाली साठ्यावर मर्यादा आली : घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ दुकानदाराला २.

सह्याद्री_७८

अपवाद कायद्यातच होता. फळभाजीचा किरकोळ भाव दुप्पट झाला तर मर्यादा घालता येईल असं लिहिलं होतं. वाचा आधी. आणि २०१९ च्या तुमच्या काँग्रेसच्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करू, असं छापलं होतं, तेही वाचा.

रानवारा

वाचलंय. आणि २०१२ मध्ये किराणा क्षेत्रात परकीय भांडवल यायला संसदेत विरोध कोणी केला, तेही आठवतंय. तेव्हा मुक्त बाजार कुठे गेला होता?

बाय द वे, महाविकास आघाडीचंही सांगतो, मी काही आंधळा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्याच राजवटीत अध्यादेश अमलात आणा म्हणून आदेश निघाला आणि सप्टेंबरअखेर त्यालाच स्थगिती दिली.

गोदाकाठ

म्हणजे माझा मुद्दा तुम्ही दोघे मिळून सिद्ध करताय. आभार.

बिल्लेवाला

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज राहवलं नाही.

१९८० च्या नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनात मी चौदा वर्षांचा होतो. वडिलांच्या सदऱ्यावरचा शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला मला छातीवर हवा होता, तो त्यांनी दिला नाही, "आधी कांदा खुरपून दाखव" म्हणाले. संघटनेचे संस्थापक शरद जोशी तोवर स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून आंबेठाणला जमीन घेऊन बसले होते. चाकणच्या बाजारात कांदा पडेल भावात जाताना बघून त्यांनी जो हिशोब मांडला, तो आम्हाला गावच्या पारावर कळला. शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, त्याचा भाव पाडला जातो आणि तो पाडणारा व्यापारी नसून सरकार आहे. 'भीक नको, हवे घामाचे दाम.' भीक म्हणजे अनुदान.

धागाकर्त्याने विचारलंय की कोणाचं खरोखर मत आहे का. होतं. जोशी साहेबांचं होतं. नव्वदच्या दशकात सगळे डावे-उजवे जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या नावाने बोटं मोडत असताना त्यांनी उघड सांगितलं, जागतिक बाजार येऊ द्या, शेतकरी घाबरत नाही. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्या पक्षाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मोकळा बाजार मागणाऱ्या सभेला मैदान भरायचं, मतपेटी भरायची नाही. राज्यसभेत २००४ ला गेले तेही युतीच्या मतांवर. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

एक सांगतो. निर्यातबंदी, साठ्याची मर्यादा, किमान निर्यात मूल्य, आयात, 'नाफेड'ने सरकारसाठी घेतलेला साठा नेमका आवकेच्या वेळी बाजारात सोडणं, ही सगळी एकाच पेटीतली हत्यारं आहेत. ती पेटी दिल्लीत एका टेबलाखाली ठेवलेली असते. खुर्चीवरचा माणूस बदलतो, पेटी तिथेच. १९९८ मध्ये दिल्ली राज्याची सत्ता कांद्याने गेली, तो धसका दोन्ही पक्षांनी सारखाच घेतलाय.

कावेरीताई, तुमच्या बाई. त्यांना स्वस्त कांदा द्यायचाच असेल तर सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा आणि रेशनवर द्यावा. खर्च देशाने करावा. आत्ता तो एकटा निफाडचा माणूस करतो.

मार्केटयार्ड_गुलटेकडी

बिल्लेवाले काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून उलट बाजू मांडतो. माझे वडील पुण्याच्या मार्केट यार्डात हमाल होते. पाठीवर पोतं घेऊन आम्हा तिघांना शिकवलं. 'सरकार बाजूला झालं की सगळं सुरळीत' हे ऐकलं की मला त्यांची पाठ आठवते.

१९६९ चा माथाडी कायदा आला नसता तर त्यांना भविष्य निर्वाह निधी काय असतो हे कळलंच नसतं. तोलाई, हमाली, वाराई यांचे दर ठरलेले आहेत म्हणून तर कोणी येऊन "आज दोन रुपये कमी घे" म्हणू शकत नाही. नियमन म्हणजे फक्त दिल्लीतली पेटी नव्हे, ते गल्लीतलंही असतं.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बघू. बाजार समितीचा कायदा १९६३ चा. त्याआधी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. शेतकरी बाजूला उभा, त्याच्या मालाचा भाव त्यालाच कळायचा नाही. उघडा लिलाव, परवानाधारक व्यापारी, चोवीस तासांत रोख चुकवती, हे सगळं नियमांनी आलं. आता नियम नसले की काय होतं ते बघायला बिहारपर्यंत जायला नको, जरी त्यांनी २००६ मध्ये कायदाच रद्द केला. तुमच्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षं बघा. द्राक्षाचा सौदा शिवारात होतो, समितीच्या आवारात नाही. पूर्ण मोकळा बाजार. आणि दर हंगामात कुठला ना कुठला व्यापारी बागायतदारांचे लाखो रुपये बुडवून रातोरात पसार होतो. मग शेतकरी कुठे जातात? पोलीस अधीक्षकांकडे. म्हणजे सरकारकडेच.

गोदाकाठ

द्राक्षाचं शंभर टक्के खरं. आमच्या चुलत्यांचे असेच गेलेत. चेक दिला, तो वटला नाही, माणसाचा फोन बंद, खोलीला कुलूप.

पण समितीतही सगळं गोमटं नाही. लिलावात भाव पुकारला जातो चौदाशे. ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेली की तो मूठभर कांदा चिरतो, "वरती चांगला, खाली गोल्टी" (बारीक कांदा) म्हणतो आणि वांधा काढतो. मग शंभर-दीडशे कमी. ट्रॉली निम्मी रिकामी झालेली असते. अशा वेळी माणूस काय तक्रार करणार? भावाचं असं झालंय, एका समितीच्या आवारात, सगळ्यांसमोर. सचिवांकडे गेला तर ते जेवायला गेले होते.

बिल्लेवाला

यार्डवाले दादा, द्राक्षाचा मुद्दा मानतो. पण फसवणूक झाली की पोलीस आणि कोर्ट, हे सरकारचं कामच आहे. आम्ही कधी सरकार नको म्हटलं नाही. भाव पाडणारं सरकार नको म्हटलं. आणि हमालांच्या कायद्याला संघटनेच्या साध्या कार्यकर्त्याने नाव ठेवलेलं मी तरी ऐकलं नाही. मात्र माल यंत्राने उतरला तरी हमाली कापायची, याला नाव ठेवलंय. ठेवणार.

मार्केटयार्ड_गुलटेकडी

एक विचारू? मुक्त बाजार मागायचा आणि हमीभावही मागायचा, कर्जमुक्तीही मागायची. हे कसं बसतं?

बिल्लेवाला

पाय बांधून ठेवाल तोवर खायला घाला. सोडा, मग मागणार नाही. साहेबांनी उणे सबसिडीचा, म्हणजे सरकार देतं त्याहून जास्त भाव पाडून काढून घेतं, असा हिशोब मांडला तो हाच होता.

वऱ्हाडी_ठेचा

कांदावाल्यांनी धागा पळवला, आता आमचा कापूसही ऐका.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना. कापूस सरकारलाच विकायचा, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. शेतकऱ्याच्या भल्यासाठीच आणली होती, काही वर्षं भलं झालंही. पण मध्य प्रदेशात भाव चढला की आमचे लोक रात्री बैलगाड्या घेऊन सीमा ओलांडायचे, स्वतःच्या शेतातल्या कापसाची तस्करी! आणि इकडचा भाव जास्त असला की तिकडचा कापूस आमच्या केंद्रावर यायचा. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर हा त्या काळी जावयापेक्षा मोठा माणूस होता गावात. शेवटी योजना तोट्यात बुडाली.

आता बियाण्याचं बघा. तणनाशक फवारलं तरी तग धरणारं कापसाचं बियाणं सरकारने मंजूर केलं नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते जाहीरपणे पेरलं, सविनय कायदेभंग म्हणून. मजा म्हणजे त्याला विरोध करणाऱ्यांत डावेही होते आणि स्वदेशीवाले उजवेही.

आणि ताजं. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेर केलं. आमचा कापूस घरात यायच्या नेमक्या वेळी. हा मुक्त बाजार आहे ना? मग निर्यातीला कुलूप आणि आयातीला उघडं, असा कसा एकतर्फी मोकळा? बाभूळ आमच्या बांधावर अन् सावली गिरणीवाल्याला.

सोयाबीनचंही तेच. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी अशा सात मालांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) 'सेबी'ने थांबवले. एका वर्षासाठी म्हणाले होते. मग मुदत वाढवतच गेले.

मिशिगनमधला_मिरजकर

वायद्यांवरून आठवलं. इथे अमेरिकेत, जिथे म्हणे सगळंच मोकळं, कांद्याच्या वायदेबाजारावर कायद्याने बंदी आहे. फक्त कांद्याच्या. १९५८ पासून. (२०१० मध्ये त्यात सिनेमाच्या गल्ल्याचे वायदेही जोडले. कांदा आणि सिनेमा!)

किस्सा असा. १९५५ मध्ये व्हिन्सेंट कोसुगा नावाचा न्यूयॉर्क राज्यातला कांदाउत्पादक आणि सॅम सीगल नावाचा व्यापारी, या दोघांनी शिकागोतला जवळपास सगळा कांदा ताब्यात घेतला. मग उलटा डाव टाकला. भाव पडेल यावर वायदे लावले आणि साठवलेला कांदा बाजारात ओतला. पन्नास पौंडांच्या गोणीला ऑगस्टमध्ये पावणेतीन डॉलर होते, मार्चमध्ये दहा सेंट. रिकाम्या गोणीची किंमत त्याहून जास्त होती. शेतकरी देशोधडीला लागले. मग इथल्या मिशिगनचे खासदार जेराल्ड फोर्ड, पुढे अध्यक्ष झाले ते, यांनी बंदीचं विधेयक आणलं. फोर्ड रिपब्लिकन. सही केली आयझेनहॉवर यांनी, तेही रिपब्लिकन. म्हणजे बाजारवादी पक्षाने बाजार बंद केला, कारण मतदारसंघात कांदा पिकत होता. गोदाकाठ, तुमचे मामा-काका सगळीकडे आहेत.

सह्याद्री_७८

छान माहिती. पण अमेरिकेने वायदे थांबवले, निर्यात नाही. फरक आहे.

मिशिगनमधला_मिरजकर

आहेच. १९७३ मध्ये निक्सननी सोयाबीनची निर्यातही थांबवली होती, देशात भाव चढले म्हणून. बंदी थोडे दिवसच टिकली, पण जपान जो हादरला तो पुढे ब्राझीलमध्ये सोयाबीन वाढवायला पैसे ओतायला लागला. आज जगात सोयाबीन सगळ्यात जास्त कोण पिकवतं ते बघा.

दुबईकर_देशपांडे

हेच कांद्याचं झालंय. २०२३-२४ च्या बंदीत इथल्या दुकानांत नाशिकचा कांदा दिसेनासा झाला, पाकिस्तानचा आणि इजिप्तचा आला. बंदी मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क होतंच. ते सप्टेंबरात २० वर आणलं आणि १ एप्रिल २०२५ ला काढलं. तोवर दुकानदाराने दुसऱ्याशी घरोबा केला होता. मी इजिप्तच्या कांद्याची भजी खाल्ली आहेत. बोलायला नको.

रानवारा

आणि त्या बंदीच्या काळात एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली होती. ऐन निवडणुकीत. त्याचं फळ दिंडोरीत मिळालं. केंद्रीय मंत्री पडल्या.

सह्याद्री_७८

आणि सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीला. ते कुठल्या कांद्याचं फळ? एवढा राग होता तर गेला कुठे?

रानवारा

लाडकी बहीण. विकत घेतलेला

[प्रतिसादाचा उरलेला भाग संपादित]

संपादक मंडळ

वैयक्तिक आणि मतदारांचा अपमान करणारे प्रतिसाद उडवले जातील. धागा कांद्यावर आहे. कांद्यावर राहू द्या.

कोथरूडची_कावेरी

संपादक, थांबा, हा प्रश्न मात्र मला खरंच पडलाय. शेतकरी बाया कांद्यावर मत देतात की पंधराशे रुपयांवर? त्यात चूक काय, तेही कोणी सांगा.

गोदाकाठ

कावेरीताई, माझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "पंधराशे खात्यात आले ते दिसले. कांद्याचे किती आले असते, ते कोणी दाखवलंय का?" मला उत्तर सुचलं नाही.

तिचं म्हणणं पटवायला एक आकडा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शीकडच्या एका शेतकऱ्याने सोलापूरला ५१२ किलो कांदा विकला. रुपयाला किलो. भाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. तेव्हा निर्यातबंदी नव्हती. बाजार मोकळाच होता. मग ओरड झाली आणि राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलपर्यंत. बिल्लेवाले काका त्याला भीक म्हणतील. माझ्या भावाने ते घेतलं.

बिल्लेवाला

मीही घेतलं. रांगेत उभं राहून.

मार्केटयार्ड_गुलटेकडी

भावाचं स्वतःचं म्हणणं काय आहे? आपण सगळे त्याच्या वतीने बोलतोय.

गोदाकाठ

काल रात्री हा सगळा धागा त्याला फोनवर वाचून दाखवला. अर्ध्यात तो झोपला असं वाटलं, पण ऐकत होता. म्हणाला, "बंदी घालायची तर रोप टाकायच्या आधी सांगा. मी मका लावीन. कांदा चाळीत भरल्यावर, चार महिने ऊन-पाऊस सांभाळल्यावर रात्री नऊला मोबाइलवर कळवू नका." मोकळा की बांधलेला, यावर तो काही बोलला नाही. वांधा बंद करणाऱ्याला मत देईन म्हणाला. असा कोणी उभा आहे का ते बघतोय.

धागा मामा-काकांनाही पाठवला. मामांचा निरोप : "तो मार्केट यार्डवाला सोडून सगळे आपल्याच विचारांचे दिसतात." काकांचा निरोप : "तो बिल्लेवाला सोडून सगळे आपलेच आहेत."

असो. रविवारी भाऊ कांद्याची चाळ फोडतोय. वास यायला लागलाय म्हणजे तिसरा हिस्सा तरी गेला. गोल्टी आणि खाद (खराब कांदा) निवडायला माणसं मिळेनात, म्हणून मीही चाललोय.

कोथरूडची_कावेरी

येताना पन्नास किलोची एक गोणी आणाल का? आमच्या सोसायटीत वाटून घेऊ. मधला कोणी नको. लिलावाचा भाव सांगा, त्यावर दोन रुपये किलोला जास्त देते.

गोदाकाठ

आणतो की. दोन नाही, चार द्या, पेट्रोल आहे. कितव्या मजल्यावर?

कोथरूडची_कावेरी

चौथ्या. लिफ्ट बंद आहे.

मार्केटयार्ड_गुलटेकडी

हमालीचं आधी ठरवून घ्या.